अडीच रुपये शब्द

तौसीफ अत्तार, वकील, वय अठ्ठावीस,
शिवाजीनगर कोर्टातून थेट आला, गळ्यात बँड तसाच,
टेबलावर शेंगांच्या टरफलांशेजारी ठेवले चौदा कागद.
"मॅडम, मराठी हवंय. सोमवारी तारीख आहे.
अडीच रुपये शब्द, जमेल?"
मी म्हटलं, तीन.
मग वरचा कागद वाचला, आणि म्हटलं, अडीच.

चाळीस वर्षं मी भाषांतरं करते:
पंपांची माहितीपत्रकं, बॉयलरच्या हमीच्या अटी,
चाकणच्या कारखान्याने जर्मनीशी केलेली भांडणं.
बोल्टचा शब्द चुकला तर बोल्ट बसत नाही,
एवढंच मला कायद्यातलं कळतं.

पहिल्याच ओळीत अडले.
हा निकाल नाही. हुकूम नाही.
जिनिव्हात बसलेल्या अठरा जणांचं
नुसतं मत.

मताला आमच्या डहाणूकर कॉलनीत काय तोटा!
दोन बायका, बावीस वर्षं, गॅसचं पुस्तक एक,
यावर दुसऱ्या मजल्याचं मत आहे,
पार्किंगचंही आहे.
अठरांच्या हाती दंडुका नाही, बेलिफ नाही,
आणि कागद मात्र आलाय कोंढव्यातल्या दोन मुलांसाठी,
घरमालकाने ज्यांची गादी जिन्यात आणून ठेवली.
"याचा काय उपयोग?" मी विचारलं.
तौसीफ म्हणाला, "मराठीत असलं की साहेब थांबून वाचतात."

गोष्ट दूरच्या एका बेटाची.
पोलीस कुणाला धरत नव्हते म्हणे, कित्येक वर्षं,
पण कलम होतं, खुंटीला टांगलेल्या चाबकासारखं,
आणि एक माणूस रोज त्याखालून वाकून जायचा.
एके दिवशी त्याने वाकण्याविरुद्ध अर्ज केला.
अठरांनी लिहिलं:
करारात 'लिंग' हा शब्द आहे,
त्यात हेही आलं असं समजावं.
नवा शब्द घातला नाही,
जुन्याच डब्याचं झाकण काढून दाखवलं.

'हेही' म्हणजे लैंगिक कल. मी लिहिलं, खोडलं.
कल भिंतीला असतो, तागडीला असतो.
आतून उल्का ओरडली, "कल? तो मतमोजणीचा!
दहाला एक, दुपारी भलताच."
मी म्हटलं, आपला कुठे बदलला?
ती काही बोलली नाही. कुकरची शिट्टी झाली.

मागच्या ऑगस्टात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन.
कर्वे रोडवरचं हॉस्पिटल, फॉर्मवर रकाना: रुग्णाशी नाते.
मी लिहिलं, मैत्रीण.
खिडकीतली मुलगी वाईट नव्हती,
हळूच म्हणाली, "काकू, रक्ताचं कुणी?"
चिंचवडहून भाचा आला, निनाद,
चार वर्षांत फोन नाही,
सही केली, आणि मग विचारलं,
कुठला गुडघा?

दिल्लीने कलम काढलं तेव्हा
त्या निकालात हे बेटही होतं, तौसीफने पान दाखवलं.
पाच वर्षांनी त्याच दिल्लीने सांगितलं,
लग्नाचं संसदेला विचारा.
म्हणजे मत चालत येतं.
समुद्र ओलांडतं, दिल्लीत मुक्काम करतं,
कर्वे रोडच्या त्या खिडकीपाशी
अजून रांगेत आहे.

रविवारी रात्री मोजणी केली: चार हजार दोनशे सोळा.
'मत'खाली तळटीप दिली, बंधनकारक नाही.
तळटिपेचे पैसे घेत नाही मी.
उल्काने पेन्सिल घेऊन ऱ्हस्वदीर्घ तपासले,
निवृत्त झाली तरी मास्तरीण,
तीन चुका काढल्या, त्यातली एक तिची स्वतःचीच निघाली.
'कल'पाशी पेन्सिल टेकवली, जराशी,
राहू दे म्हणाली.

शेवटचं पान भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र.
मी सही केली, पत्ता लिहिला, पिनकोडसकट.
खाली साक्षीदाराची जागा होती, नात्याचा रकाना नव्हता.
चष्मा सरकवत तिने नाव लिहिलं,
उल्का श्रीधर भागवत,
आणि पुढे, शाळेतल्या त्याच वळणदार अक्षरात,
पत्ता: वरीलप्रमाणे.